शुक्रवारी खोली दाखवत नाही

धामणकर नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात, काउंटरच्या काचेवर, आमची एक चिठ्ठी चिकटवलेली असते. ‘कॉलेजच्या मुलींसाठी खोली. नळाला दोन वेळ पाणी. शुक्रवारी खोली दाखवत नाही.’ खाली फोन नंबर. ती चिठ्ठी माझ्या वडिलांच्या हातची. भिवंडीत त्यांना केसरीनाथ म्हणून फार कोणी ओळखत नसे, केसरी फिटर म्हटलं की सगळे ओळखत. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या बीमवर खडूने आकडे टाकायची सवय असल्यामुळे कागदावरही ते प्रत्येक अक्षर सुटं आणि मोठं काढत.

बाबा मे महिन्यात गेले. जूनमध्ये कॉलेजचे प्रवेश सुरू झाले तेव्हा दुकानदाराचा फोन आला. चिठ्ठी उन्हाने पार उडाली आहे, नवी लिहून द्या. मी लिहून नेली. मजकूर तोच ठेवला. त्याने ती वाचली आणि जरा संकोचून विचारलं, “मॅडम, इतक्या वर्षांत विचारायचं राहून गेलं. शुक्रवारचं काय असतं? उपवास वगैरे?”

“नाही. शुक्रवारी लूम बंद असतात.”

“मग तर बरंच की. शांत असतं.”

“म्हणूनच नाही दाखवत.”

त्याला ते कळलं नाही आणि दुकानात गर्दी होती. म्हणून इथे सांगते.

चार वर्षांपूर्वी, म्हणजे २००५ साली, वडपे गावातली आमच्या वाट्याची दोन गुंठे जमीन गोडाऊनसाठी गेली. तिथे पूर्वी भात व्हायचा. हायवेला लागून असल्यामुळे तिची चांगली रक्कम आली. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लूम दुरुस्त केल्या, स्वतःची एकही घेतली नाही, त्यामुळे आता ते काय करतात याकडे सगळ्या भावकीचं लक्ष होतं. हिरामणकाका, बाबांचे चुलत भाऊ, रोज संध्याकाळी येऊन बसत. त्यांचे स्वतःचे वडप्याला तीन गाळे होते.

“केसरी, गाळा घे. कुलूप लावून घरी झोपायचं. माल त्यांचा, चौकीदार त्यांचा.”

“गाला नको. खोली घेतो. कॉलेजच्या पोरींना भाड्यानं देनार.”

“पोरींना?” काका हसले. “गाळ्यातला माल भांडत न्हाय, रडत न्हाय. न् पोरी तीन वर्सांनी उडून जातील.”

“तेच तं पायजे,” बाबा म्हणाले.

काकांना वाटलं बाबांना नीट ऐकू गेलं नाही. तसं वाटणं साहजिक होतं. तीस वर्षं लूमच्या कारखान्यांत काढल्यामुळे बाबांचे कान बोलण्याच्या बाबतीत मंद झाले होते. चाळीस लूम चालू असताना कोणत्या लूमचा धोटा वाकडा आपटतोय ते त्यांना दारातून कळायचं, पण आईने भाजी आणायला सांगितलेली कळायची नाही. “माझं सोडून सगळ्या भिवंडीचं ऐकू येतं यांना,” असं आई म्हणायची.

पण त्या दिवशी त्यांना नीट ऐकू गेलं होतं. मी कॉलेजात असताना गोदू नावाची माझी मैत्रीण होती. पडघ्याच्याही आत सात-आठ किलोमीटरवर तिचं गाव. गावाची एसटी कधी यायची, कधी नाही. दोन-चार वेळा ती आमच्याकडे मुक्कामाला राहिली, बाबांनी तिला सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात तिने कॉलेज सोडलं. इथे राहायला जागा मिळाली नाही, एवढंच कारण. मला चुटपूट लागली आणि मग मी ते विसरले. बाबा विसरले नाहीत. खोली घ्यायचं ठरलं तेव्हा ते मला फक्त इतकं म्हणाले, “बाय, गोदू आता काय करते गं?” मला माहीत नव्हतं.

एका रविवारी आम्ही दोघं खोली बघायला गेलो. कॉलेजपासून चालत दहा मिनिटं, पहिला मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. मी नळ सोडून पाहिला, मोरीच्या दाराची कडी आतून लागते का ते पाहिलं. बाबांनी भिंतीवर बोटांनी ठोकून ओल कुठे आहे ते काढलं, सगळी बटणं दाबून पाहिली. मग दोघं खिडकीशी उभे राहिलो.

“इथं टेबल बसंल?” बाबांनी विचारलं.

“बसेल. उजेडही चांगला आहे.”

“बास मग.”

त्या खिडकीखाली, दहा फुटांवर, हमीदशेठचा कारखाना होता. पत्र्याचं छप्पर, सोळा लूम. सगळ्या चालू होत्या. आज हे लिहिताना मला त्या ऐकू येतात. त्या दिवशी आम्हा दोघांनाही ऐकू आल्या नाहीत.

कोणाला हे खोटं वाटेल. पण माझा जन्म ज्या चाळीत झाला तिची मागची भिंत एका कारखान्याचीच होती. त्या खडखडाटात मी बोलायला शिकले, त्यातच बी.ए. झाले. आमच्याकडे आवाज थांबला की माणसं दचकून बाहेर यायची. लाईट गेली, संप झाला, नाहीतर कोणीतरी गेलं, असा त्याचा अर्थ असे. पुढे मी शाळेत नोकरीला लागले, भरपूर वाचलं, पण खिडकीत उभं राहून आपल्याला काय ऐकू येतंय हे स्वतःला विचारण्याचं कधी सुचलं नाही.

कागदपत्रं झाली. बाबांनी खोलीला स्वतः रंग दिला. तीन टेबलं, तीन खुर्च्या, तीन लोखंडी पलंग. नाक्यावरच्या हॉटेलात जो भेटेल त्याला ते सांगत, “अभ्यासाची खोली हाय. एकदम अभ्यासाची.” कानांमुळे त्यांचा आवाज मोठा, त्यामुळे न विचारलेल्यांनाही कळलं.

जुलैत तीन मुली आल्या. तिघी शेवटच्या वर्षाच्या. उन्नती आणि निशा वाड्याकडच्या, हेमाली गोदूच्याच भागातली, पडघ्याच्या आतली. बाबांची सुट्टी शुक्रवारची, म्हणून त्यांनी तिघींना आणि त्यांच्या वडीलमाणसांना शुक्रवारी बोलावलं. सगळे खोलीवर खूश झाले. हेमालीचे वडील दामू, अंगाने किरकोळ शेतकरी, खिडकीत उभे राहून म्हणाले, “गावावानी शांत हाय.” बाबांची छाती फुगली. त्याच दिवशी मुली ट्रंका आणि गाद्या घेऊन राहायला आल्या.

शनिवारी सकाळी साडेआठला निशा आमच्या दारात उभी. केस विस्कटलेले.

“काका, शेजारी काहीतरी मशीन सुरू झालंय सात वाजल्यापासून.”

“कंचा मशीन?”

“खूप मोठा आवाज आहे, काका.”

“कंचा आवाज?” बाबा खरोखरच विचारत होते.

ती माझ्याकडे बघायला लागली. तोवर माझ्या लक्षात आलं होतं. मी बाबांच्या कानाशी जाऊन म्हटलं, “लूमचा.”

“हां, लूम!” बाबांचा जीव भांड्यात पडला. “लूम हाय ती.”

“ती बंद कधी होणार?”

“शुक्रवारी,” बाबा म्हणाले.

निशाला आधी वाटलं ते थट्टा करताहेत. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आम्ही तिघं खोलीवर गेलो. हेमाली कानात कापसाचे बोळे घालून वाचत होती. उन्नती आपली ट्रंक परत भरत होती. बाबा खोलीच्या मधोमध उभे राहिले. मी त्यांना ऐकताना पाहिलं, म्हणजे फिटर ऐकतो तसं नाही, तर त्या मुली ऐकत होत्या तसं. ते त्यांना जमत नव्हतं हे दिसत होतं, पण ते प्रयत्न करत होते. बऱ्याच वेळाने ते खाली बघून म्हणाले, “डिपॉझिट परत घेऊन जा पोरींनो. मी खोटं न्हाय बोललो. पन तुमची फसवनूक झाली.”

उन्नतीने ट्रंक भरायची थांबवली. हेमालीने कापूस काढला. “काका, आम्ही जाणार कुठे? मला दुसरी खोली मिळाली असती तर मी गेल्याच वर्षी आले असते.”

बाबांनी ते ओठांवरून वाचलं. लूमवरची माणसं ओठ वाचतात. मग ते म्हणाले, “मंग ऱ्हावा. परीक्षेच्या आधी मी सोय करतो. माझा शब्द हाय.”

घरी येताना मी विचारलं, कसली सोय करणार. ते म्हणाले, “मना काय म्हाईत?”

हिरामणकाकांना दोन दिवसांत सगळं कळलं. “अभ्यासाची खोली!” ते म्हणायचे आणि मांडीवर थाप मारायचे. “अरे केसरी, आपल्या कुळात कोन तरी शिकलेला पायजे होता खोली बघाया.” ते माझ्याकडे बघून बोलायचे. बाबा त्यांना चहा द्यायला सांगायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. हॉटेलात जाणं त्यांनी बंद केलं. त्यांनी मान खाली घातलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

पहिली सोय त्यांनी आपल्या हुन्नराने करून पाहिली. हमीदशेठकडे गेले, आणि खिडकीजवळच्या चार लूमच्या पायांखाली जुन्या पट्ट्याच्या रबराचे तुकडे घातले, सैल बोल्ट आवळले, धोट्याला धक्का देणारे पिकर बदलले. पैसे घेतले नाहीत. आठवडाभर खपले. मग वर येऊन अभिमानाने विचारलं, “अर्धा झाला का न्हाय?”

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. “हो काका, थोडा,” उन्नती म्हणाली. ती स्वभावाने भली होती.

बाबांनी तिचेही ओठ वाचले, आणि चेहराही.

झोपेची सवय मुलींना पंधरा दिवसांत झाली. अभ्यासाची होईना. त्या वर्षी भिवंडीत लाईट फार जायची. दुपारी दोन ते पाच, पुन्हा संध्याकाळी साडेसात ते नऊ. कारखानदार बोंबलत, कामगारांची मजुरी बुडे, घराघरांतले मिक्सर आणि पंखे बंद. सप्टेंबरात एका संध्याकाळी बाबा आणि मी खोलीचा नळ गळतो म्हणून पाहायला गेलो. लाईट गेली होती. जिन्यात चाचपडत वर गेलो, दार उघडं होतं. तिघी मुली तीन मेणबत्त्या लावून वाचत बसल्या होत्या. आम्ही आलेलं त्यांना कळलंही नाही. निशा पुटपुटत काहीतरी पाठ करत होती आणि ते पुटपुटणं दारापर्यंत ऐकू येत होतं.

बाबा बराच वेळ दारात उभे राहिले. मग माझ्या दंडाला धरून मला खाली घेऊन आले. नळ तसाच राहिला.

“बाय, लाईट गेली का लूम बंद.”

“हो.”

“म्हंजे आपल्याला लूम बंद कराची गरज न्हाय. लाईट नसंल तवा आपला उजेड पायजे, बास.” ते हसायला लागले. जुलैनंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी ते पडघ्याच्या एका गॅरेजमधून ट्रकची जुनी बॅटरी घेऊन आले. वडापच्या जीपमध्ये पायाशी ठेवून आणली, त्यात पँटला ॲसिड लागून भोक पडलं, आईने त्यावरून त्यांना आठवडाभर सुनावलं. त्यांनी इन्व्हर्टर जोडला, तीन टेबलांवर तीन ट्यूब लावल्या. त्या फक्त लाईट गेल्यावर, बॅटरीवरच लागत. दर सोमवारी ते वीज कार्यालयात जाऊन त्या आठवड्याची लाईट जायची वेळ विचारून येत आणि खोलीच्या दाराच्या मागे खडूने लिहीत. सगळा गाव लाईट जाते म्हणून शिव्या घालत होता. आमच्या खोलीतल्या मुली दोन वाजायच्या आधी जेवण आटोपून, टेबल पुसून, पेन्सिलींना टोक करून वाट बघत बसायच्या. दोनला एकेक लूम थांबायची. मग ट्यूब लागायच्या.

बाबा पुन्हा हॉटेलात जायला लागले. कोणी लाईटीबद्दल तक्रार केली की म्हणायचे, “जाऊ दे रं. पोरी अभ्यास करतात.”

डिसेंबरच्या परीक्षा बऱ्या गेल्या. फेब्रुवारीच्या शेवटी पेपरात बातमी आली. परीक्षांच्या दिवसांत विद्यार्थ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून महिनाभर लाईट घालवणार नाहीत. आईने मोठ्याने वाचून दाखवली. बाबा जेवत होते. ताटातच हात धुऊन ते उठले.

त्या संध्याकाळी साडेसातला लाईट गेली नाही. लूम नऊपर्यंत चालल्या आणि नऊनंतरही चालल्या. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी दामू आले, हेमालीला काही दिवस घरी न्यायला. तिथे निदान शांत आहे, पेपरला पहाटेची एसटी मिळाली तर मिळाली. हेमाली आपल्या टेबलापाशी उभी राहून वह्या पिशवीत भरत होती. ते पाहताना मला गोदू आठवली. बाबांनाही आठवली असणार.

“दोन दिस द्या,” बाबा दामूंना म्हणाले. “दोन दिसांत न्हाय झालं तं मी सोता पोरीला पोचवतो.”

हमीदशेठकडे जाऊन, सोळा लूम महिनाभर दुपारच्या बंद ठेवा, असं सांगणं म्हणजे वेडेपणा होता. बाबा शेठकडे आधी गेलेच नाहीत. ते कारखान्यात गेले. मी बरोबर होते. आत बोलून काही कळत नाही, सगळं हातांनी चालतं. दोन बोटं चुरली की धागा तुटला. तळहात आडवा फिरवला की बंद कर. आणि एखाद्याला जेवायला नाहीतर नमाजाला जायचं असेल, तर शेजारचा आपला पंजा छातीवर ठेवतो आणि मग दाराकडे दाखवतो. मी आहे इथे, तू जा.

बाबा सगळ्यात जुन्या कामगाराकडे गेले. रमजान अली त्याचं नाव, आझमगडकडचा. डोळे लाल, बनियन ओलं. बाबांनी हात गालावर टेकवून मान वाकडी केली आणि भुवया उंचावल्या. झोप? रमजानने कपाळावर हात मारला. मग त्याने बाबांना बाहेर नेलं.

“क्या बताऊँ केसरीभाई, छह महीने से दो बजे बत्ती जाती थी, खाते थे, सोते थे. अब ये परीक्षा का झमेला आया तो मशीन रुकती ही नहीं. और ऊपर से ये गर्मी. पत्रा तपता है, सूत टूटता है. जोड़ते-जोड़ते दिन जाता है.”

“किती तुटतं?” बाबांनी विचारलं.

“दोपहर में? मत पूछो.”

एवढंच त्यांना हवं होतं. मार्चच्या कोरड्या उन्हात सूत जास्त तुटतं, कापडात दोष निघतात, हे बाबांना माहीत होतं, फक्त ते त्यांना कामगाराच्या तोंडून हवं होतं. तिथून आम्ही हमीदशेठच्या गादीवर गेलो. शेठ वयाने बाबांएवढेच, मेंदी लावलेली दाढी.

“शेठ, दुपारचा माल कसा निघतो?”

“तू जानता है कैसा निकलता है. मेरे जखम पे नमक मत डाल.”

“दोन ते पाच बंद ठेवा. बारा दिवस. त्या वेलात मी तुमच्या सगल्या लूम खोलून देतो. एक-एक. बेअरिंग, पिकर, ऑईल, सगला. मजुरी नको.”

शेठने चष्मा काढला. “सोलह लूम. बारह दिन. अकेला?”

“अकेला.”

“केसरी, बात क्या है? सूत के लिए तू आया नहीं.”

बाबा खोटं बोलू शकत होते. ते म्हणाले, “वर तीन पोरी हायत. परीक्षा हाय त्यांची. मी शब्द दिलाय.”

शेठने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बेटी, तेरे बाप को इन लड़कियों का किराया बहुत महँगा पड़ेगा.” आणि मग बाबांना म्हणाले, “कारीगरों से तू बोल. वो राजी, तो मैं राजी.”

कारीगर तर झोपेसाठी मघाशीच राजी होते.

ते बारा दिवस मी शाळेतून सुटले की तिथे जायची. दोन वाजता सोळा लूम थांबत. कामगार जेवून तिथेच, बीमच्या सावलीत, फरशीवर आडवे होत. बाबा एक लूम उघडत. हातोडीला त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याचा पट्टा गुंडाळला होता. पाने खाली ठेवताना ते गोणपाटावर ठेवत. साठीला आलेला माणूस, अर्धा बहिरा, ज्याला पाना पडल्याचा आवाज स्वतःला ऐकूच जाणार नव्हता, तो बोटांच्या टोकांनी बोल्ट उचलून ठेवत होता, देव्हाऱ्यातले टाक ठेवावेत तसे. मध्येच मान वर करून ते खिडकीकडे बघत. एकदा हेमाली खिडकीत आली. तिने वाकून खाली पाहिलं. तोवर मुलींना वाटत होतं की शेठने मेहेरबानी केली आहे. बाबा काय करताहेत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, बाबांनी मलाही बजावलं होतं. ती बघतच राहिली. बाबांनी तेलकट पंजा छातीवर ठेवला आणि बोटाने तिला आत जायला सांगितलं. टेबलाकडे.

तिला त्या खुणेचा अर्थ कोणी शिकवला नव्हता. पण ती आत गेली.

बारा दिवसांत चौदाच लूम झाल्या. उरलेल्या दोन त्यांनी परीक्षा संपल्यावर केल्या, लूम चालू असलेल्या खडखडाटात, हातोडीचा पट्टा सोडून, खणाखण.

हेमालीला फर्स्ट क्लास मिळाला. उन्नती आणि निशा सेकंड क्लासने पास झाल्या. तिघी पेढे घेऊन आल्या. बाबांनी त्यातला एक पुडा तसाच उचलला आणि हॉटेलात नेला. हिरामणकाका तिथे होते. मी तिथे नव्हते, पण बाबांचा आवाज नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकला. “आमची पोरगी फर्स्ट क्लास!”

“तुझी कधी झाली?” काका म्हणाले म्हणे.

“खोलीत ऱ्हाते ती आमचीच.”

काकांनी पेढा खाल्ला. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या मेव्हणीच्या मुलीसाठी एक पलंग मागितला. बाबांनी तिला खोली शनिवारी दाखवली.

तो नियम तेव्हाच ठरला. लूम चालू असताना बघा, ऐका, पटलं तर राहा. काही जण दारातूनच परत जातात. जे राहतात ते समजून राहतात. उन्नतीचा त्या वर्षी जूनमध्ये फोन आला होता, बी.एड.साठी घरी अभ्यास करत होती. “काका, इथे अभ्यासच होत नाही हो. फारच शांत आहे.” बाबांना ते दोनदा सांगावं लागलं. मग ते इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

नंतर भिवंडीत लाईट जाणं कमी होत गेलं. मार्चची दुपार मात्र तशीच राहिली. दरवर्षी परीक्षेचे बारा दिवस दोन ते पाच हमीदशेठचा कारखाना बंद, आणि बाबा आत, लुगड्याचा पट्टा बांधलेली हातोडी घेऊन. यंदाच्या मार्चमध्ये त्यांना धाप लागत होती. त्यांनी नऊ लूम केल्या. राहिलेल्या सात पावसाळ्यात करू म्हणाले.

चिठ्ठी नव्याने लावल्यानंतर चार दिवसांनी शहापूरहून एका गृहस्थांचा फोन आला. मुलीसाठी खोली हवी होती. शुक्रवारी भिवंडीत काम आहे, तेव्हाच येऊ का?

“शनिवारी या,” मी म्हटलं.

बाबांशिवाय खोली दाखवायची माझी ती पहिलीच वेळ. ते बापलेक वेळेवर आले. मुलगी सतरा-अठराची, हातात फाईल घट्ट धरलेली. जिन्यातच तिने मान वर करून पाहिलं, हा आवाज कुठून येतोय म्हणून. खोलीत आल्यावर वडिलांनी विचारलं, “मॅडम, हे असंच चालू असतं?”

“असंच. शुक्रवार सोडून.”

“मग अभ्यास?”

बाबा असते तर त्यांनी लगेच सांगितलं असतं, मार्चात मी सोय करतो. माझ्याकडे तो शब्द नव्हता. मी लूम उघडू शकत नाही. मला त्यातलं नावांपलीकडे काही येत नाही. कोणाच्या जिवावर मी सांगणार होते? मी त्यांना बसायला सांगितलं आणि खाली कारखान्यात गेले.

दारापाशी थांबले. आत एक सोडून सगळ्या लूम चालू होत्या. बाबा गेल्यापासून मी तिथे आले नव्हते. खरं तर गेल्यापासून कुठेच, कोणासमोर, रडले नव्हते. तेराव्यालाही आल्यागेल्याला चहा देत होते. रमजान अली दहा नंबरची लूम उघडून बसला होता. ती बाबांनी न उघडलेल्या सातांपैकी पहिली. तिचं झाकण काढलेलं दिसत होतं, खाली गोणपाट पसरलेलं, त्यावर पाने ओळीने मांडलेले. पानांच्या शेजारी पट्टा गुंडाळलेली हातोडी. पट्टा नवा होता.

त्याने मला पाहिलं. मी काहीतरी विचारलं, मार्चबद्दलच, पण त्या आवाजात मलाच ते ऐकू आलं नाही. त्याने ओठ वाचले. डोळे पुसायला मी तोंड फिरवलं आणि परत पाहिलं, तेव्हा त्याचा पंजा छातीवर होता. मग त्याने बोटाने वरच्या खिडकीकडे दाखवलं.

मी वर गेले. मुलगी खिडकीशी, टेबलाजवळ उभी होती.

“परीक्षेच्या दिवसांत दुपारी दोन ते पाच आवाज नसतो,” मी तिच्या वडिलांना सांगितलं. “माझा शब्द आहे.”